न वाचलेला परिच्छेद

"बाई, आज किल्लीला पाय फुटलेत की काय?" मॅनेजर म्हणाले, आणि छापखान्याच्या त्या लांबट खोलीत सगळे हसले. वाईट मनानं कुणीच हसलं नव्हतं. मॅनेजर तसा भला माणूस. सकाळपासून चौथ्यांदा बाई त्यांच्या टेबलामागच्या खिळ्यापाशी आली, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते बोलून गेले, एवढंच. किल्ली बायकांच्या संडासाची. हरवू नये म्हणून तिला एक लाकडी ठोकळा बांधलेला होता, पूर्वी भिंतीवरच्या जाहिराती छापायला जी मोठाली अक्षरं वापरायचे त्यांतला एक, तळहाताहून मोठा. किल्ली घेऊन जिना उतरताना तो कठड्यावर आपटायचा, ठक, ठक, आणि खालच्या बाइंडरपासून कागदाच्या कोठीपर्यंत सगळ्यांना कळायचं की बाई निघाल्या. एकोणीस वर्षं तिनं त्या ठोकळ्याशी जमवून घेतलं होतं. तिची रीत सोपी होती. अकरानंतर पाण्याला हात लावायचा नाही. घरून निघताना एकदा, घरी पोचल्यावर एकदा, आणि मध्ये फार झालं तर जेवणाच्या सुट्टीत, सगळे पांगल्यावर, ठोकळा पदराखाली घट्ट धरून. आज ती रीतच मोडली होती. आज पोटाच्या खाली कुणीतरी चिमूट धरून बसलं होतं, दर वीस मिनिटांनी ती चिमूट पिळायचं, आणि खाली धावत गेलं की चार थेंब. ते चार थेंब असे, की दाराच्या कडीला धरून तिनं ओठ दाताखाली दाबला आणि डोळ्यांतून पाणी आलं. वर आली तेव्हा हसू ओसरलं होतं. तिनं ठोकळा खिळ्याला लावला, तो दोनदा हलला आणि थांबला. "पाणी बदललं असेल," ती कुणीही न विचारता म्हणाली. तिचे कान तापले होते.

तिच्या टेबलाच्या पलीकडे मास्तर बसले होते. ती उठून गेली की मास्तर समोरचं हस्तलिखित मिटून ठेवायचे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचे, जणू तिचं उठणं त्यांनी पाहिलंच नाही. पूर्वी ते शाळेत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर इथं वाचक म्हणून आले, त्याला अकरा वर्षं झाली. या छापखान्यात प्रूफं अजून जोडीनं तपासायची पद्धत होती. मास्तरांनी मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि तिनं समोरच्या प्रूफावर नजर ठेवायची. वाक्य जुळलं की "आहे" म्हणायचं, नाही जुळलं की "थांबा". अकरा वर्षं या दोन शब्दांवर त्यांचा संसार चालला होता, असं बाइंडर त्यांच्या पाठीमागे म्हणायचा. खरं तर ती मास्तरांचा खोकला ओळखत होती, चष्म्याची दोरी ओळखत होती, अक्षर नीट नसलं की ते नाकानं जो आवाज काढत तो ओळखत होती. त्यांच्या घरी किती खोल्या आहेत हे तिला माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ते पंधरा दिवस रजेवर होते. बायको गेली, तापाचं निमित्त झालं, असं मॅनेजरांनी सांगितलं होतं. मास्तर कामावर आले त्या दिवशी तिला काहीतरी बोलायचं होतं. तिनं त्यांच्यासमोर प्रूफ ठेवलं आणि म्हणाली, "पान एकशे बारा." आणि मास्तर वाचू लागले होते.

आज समोर सोळा पानांची पुस्तिका होती. गावाबाहेर शिवणकामाचा मोठा कारखाना होता, तिथल्या बायकांना वाटायला एका डॉक्टरीणबाईंनी ती लिहून दिली होती. चार हजार प्रती. मला वेळ नाही, तुमच्याकडचे लोक तपासतात ते पुरे, असं त्यांनी कळवलं होतं. मास्तरांनी पहिलं पान उघडलं, चष्मा नाकावर सरकवला आणि शाळेत पाठ वाचत त्याच आवाजात सुरुवात केली. "स्त्रियांमधील मूत्राशयाचा संसर्ग. समजून घेऊ या. स्त्रियांची मूत्रनलिका आखूड असते, स्वल्पविराम, त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोचतात, पूर्णविराम." "आहे," ती म्हणाली. "लक्षणे, दोन टिंबं. लघवी करताना जळजळ, स्वल्पविराम, पुन्हा पुन्हा लघवीची भावना, स्वल्पविराम, दर वेळी थोडीच लघवी होणे, स्वल्पविराम, ओटीपोटात दुखणे, पूर्णविराम." तिच्या हातातली पेन्सिल थांबली. आपल्या पोटात जे सकाळपासून चाललं होतं ते एक परका पुरुष टेबलापलीकडून, स्वल्पविराम देऊन, तिला वाचून दाखवत होता. "आहे," ती म्हणाली. तिला वाटलं, आता मास्तर वर बघणार. मास्तरांनी वर बघितलं नाही. "लघवी गढूळ वा लालसर दिसणे." लालसर. तिनं ते पाहिलं होतं, सकाळी, आणि डोळे मिटून पाणी ओतलं होतं. "आहे." एखादी यादी जुळवल्यासारखं ती बोलत होती, आणि आत मात्र एक विचित्र धीर येत होता: म्हणजे याला नाव आहे. म्हणजे हे इतक्या जणींना होतं, की त्यासाठी चार हजार पुस्तिका छापाव्या लागतात.

नवव्या पानावर मास्तर अडखळले. "काही स्त्रियांना हा त्रास," ते म्हणाले, आणि खोकले. मग परत, "काही स्त्रियांना हा त्रास..." तिच्यासमोरच्या प्रूफात पुढचा शब्द स्पष्ट होता: शरीरसंबंधानंतर. दोघांच्या मध्ये टेबलावर तो शब्द पडून राहिला. खालच्या मशीनचा आवाज येत होता. मास्तरांनी हस्तलिखिताचं पान हलकेच उलटलं. "हा परिच्छेद तुम्हीच डोळ्यांखालून घाला, बाई," ते म्हणाले, "ठीकच असेल." अकरा वर्षांत मास्तरांनी एकही ओळ गाळली नव्हती. दुकानांच्या याद्या, शेकडो पानांचे शब्दकोश, तळटीपांतल्या तळटीपा, सगळं त्यांनी घोटून वाचलं होतं. तिनं "थांबा" म्हणायला हवं होतं. तिचं कामच ते होतं. पण तिच्या मनात भलतंच आलं. आपण थांबा म्हटलं, तर यांना वाटेल, बाईला यात काय एवढं. चौपन्न वर्षांची, लग्न न झालेली, एकटी राहणारी बाई, सकाळपासून पाच वेळा खाली जाऊन आलेली. आणि त्यात हा शब्द. लोक दोन नि दोन चार करतात आणि वर पाचवा स्वतःच्या खिशातला घालतात. "हो, ठीक आहे," ती म्हणाली. परिच्छेदावरून तिनं नजर फिरवली. वाक्यं सरळ होती, शुद्ध होती, एकाला एक लागून होती. प्रूफात काय आहे ते डोळ्यांना दिसतं. काय नाही ते हस्तलिखिताशिवाय दिसत नाही, ही या धंद्यातली पहिली गोष्ट. ती तिनंच नव्या लोकांना शिकवलेली होती. संध्याकाळी तिनं शेवटच्या पानावर सही केली आणि वर लिहिलं: छापण्यास हरकत नाही.

धरून ठेवायला तिला आईनं शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे बसवून नव्हे, कौतुक करून. लांबच्या प्रवासात, गाडीत भाऊ दर स्टॉपला खाली उतरायचा, आणि आई शेजारणीला सांगायची, "आमच्या हिचं बघा, सकाळी निघालेय ती, एकदा हूं की चूं नाही." तेवढ्या एका वाक्यासाठी तिनं किती मैल गुडघे जुळवून काढले होते. शाळेतही तेच. पुढे नोकरीतही तेच, फक्त कौतुक करणारं कुणी राहिलं नाही, सवय राहिली. आई स्वतः तशीच होती. पाहुण्यांकडे गेली की घोटभर पाणी ओठाला लावायची आणि भांडं तसंच खाली ठेवायची. शेवटच्या वर्षात आई भिंतीचा आधार घेत वारंवार उठायची, दार लोटून घ्यायची, आणि आत नळ सोडायची, आवाज येऊ नये म्हणून. नळाच्या आवाजाआडून एकदा वेगळाच आवाज आला होता, दातांतून हवा ओढल्यासारखा. "आई, काय होतंय?" तिनं दाराबाहेरून विचारलं होतं. "काही नाही गं. घसरले जराशी." ती दाराबाहेर उभी राहिली, मग परत येऊन जागेवर बसली. आपण दार ढकललं का नाही, हे तिनं स्वतःला आजवर विचारलं नव्हतं. आज ओठ दाताखाली दाबताना अगदी तोच आवाज तिच्या तोंडून निघाला होता, आणि आईच्या आवाजाला इतक्या वर्षांनी आपल्याच तोंडात भेटून ती कडी धरून उभी राहिली होती.

घरी येताना तिनं पुस्तिकेच्या प्रूफाची एक जादा प्रत पिशवीत घातली. तशी परवानगी नव्हती, पण रद्दीच ती. दिवा लावून, चपला न काढता, तिनं ती खुर्चीवर बसून परत वाचली, आता कामाची म्हणून नव्हे. नववं पान दोनदा वाचलं. "असा त्रास सुरू झाल्यास भरपूर पाणी प्यावे, लघवी धरून ठेवू नये आणि एकदोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावे. लघवीची तपासणी करून घ्यावी." एकदोन दिवसांत. म्हणजे घाई नाही. तिनं मोठा तांब्या भरून घेतला आणि एकामागून एक चार पेले प्यायली. पाणी पिण्याची सवय गेलेल्या घशाला ते जड गेलं. शेजारच्या घरात कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं, जेवायला चल म्हणून, तीनदा, चारदा, चिडून; आणि तिला त्या चिडण्याचा हेवा वाटला. भावाला फोन करावा का? भाऊ काय म्हणेल: "बरं नाही? काय होतंय?" आणि मग ती म्हणेल, "काही नाही रे." त्या एका वाक्यासाठी फोन कशाला? तिनं पेला उपडा घातला. खोलीत एकच पेला होता असं नाही, सहांचा संच होता, पण बाकीच्या पाचांवर धूळ बसली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला थंडी वाजून आली. साधी नव्हे, दात वाजायला लागले, पलंगाच्या लोखंडाला कंप सुटला. मग अंग तापलं, मग घाम आला, मग सकाळी एकदम हलकं वाटलं आणि ती कामावर गेली. पाठीत उजवीकडे, बरगड्यांच्या खाली, कुणी ठोसा मारून ठेवल्यासारखं दुखत होतं. खुर्ची, तिनं मनाशी म्हटलं, या खुर्चीचा काथ्या कधीच गेलाय. तरी जेवणाच्या सुट्टीत तिनं पिशवीतली प्रत काढून परत पाहिली. तापाबद्दल काही नव्हतं. थंडीबद्दल नव्हतं. पाठीबद्दल नव्हतं. म्हणजे हे दुसरंच काहीतरी, हवेचं, थकव्याचं. त्या दुखण्याचा आणि याचा संबंध नाही. माणसांवर तिचा विश्वास बेताचाच होता, पण छापलेल्या शब्दावर, त्यातही स्वतः तपासून सही केलेल्या शब्दावर, तो अढळ होता. खाली मशीनवर पुस्तिकेचे कागद छापून निघत होते. तिच्या खुर्चीखालची जमीन दिवसभर थरथरत होती, की तीच थरथरत होती, तिला सांगता आलं नसतं. मास्तरांनी एकदा चष्म्यावरून पाहिलं. "पंखा बंद करू का, बाई?" ते म्हणाले. "नको," ती म्हणाली. मास्तरांनी तरी तो बंद केला.

चौथ्या दिवशी सकाळी चहा पोटात ठरला नाही, नुसतं पाणीही ठरलं नाही. भिंतीला धरून उभी राहताना तिला आई दिसली, अगदी तशीच भिंतीला धरून उभी, आणि ती घाबरली. उघडउघड, लहान मुलीसारखी घाबरली. कोणताच डॉक्टर तिला ठाऊक नव्हता; पुस्तिकेच्या मागच्या पानावर पत्ता होता, तो तिनंच तपासला होता. ती तिथं गेली.

डॉक्टरीणबाई तिच्याहून लहान होत्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी पाठीवर बरगड्यांखाली मुठीनं हलकेच ठोकलं आणि ती ओरडली.

"ताप कधीपासून?"

"परवापासून."

"थंडी वाजून?"

"हो."

"आणि जळजळ?"

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "त्याच्या आदल्या दिवसापासून."

"अहो, मग परवाच नाही का यायचं? हे वर चढलंय, मूत्रपिंडापर्यंत. जळजळ होती आणि वर थंडीताप आला की एक दिवससुद्धा थांबायचं नसतं."

"तसं लिहिलेलं नव्हतं," ती म्हणाली.

"कुठे?"

"पुस्तिकेत. तुमच्या. मी छापखान्यात असते. मीच तपासलीय."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "मी लिहिलंय," त्या सावकाश म्हणाल्या. "नवव्या पानावर. पुस्तिका लिहिली ती मुळात त्या एका वाक्यासाठी."

तिनं पिशवीतली प्रत काढून त्यांच्यासमोर धरली. डॉक्टरीणबाईंनी वाचलं आणि बोट ठेवलं. इथं. डॉक्टरांना दाखवावे, याच्या पुढे. गळलेलं वाक्य त्यांनी म्हणून दाखवलं; त्याचा शेवटही "डॉक्टरांना दाखवावे" असाच होता. तेवढ्यानं बाईला सगळं कळलं. मजकुराची अक्षरं जुळवताना ऑपरेटरचा डोळा पहिल्या "दाखवावे"वरून घसरून दुसऱ्यावर गेला होता. असं दर पाचपन्नास पानांनी होतंच. त्याचसाठी तर मास्तर वाचतात आणि ती ऐकते. त्याचसाठी तिला एकोणीस वर्षं पगार मिळाला होता. चार हजार प्रती. शिवणयंत्रावर बसलेल्या चार हजार बायका, ज्यांच्याही कारखान्यात कुठेतरी एक किल्ली असेल आणि तिला काहीतरी बांधलेलं असेल. त्यांच्यातली एखादी ताप आल्यावर नववं पान उघडून बघेल आणि हुश्श करेल.

"सुई देते, आणि वर खोलीत झोपा. सोबत कोण आलंय?"

"कुणी नाही. मला आधी फोन करू द्या."

फोन बाहेर होता, बाकांवर बसलेल्या बायकांच्या अगदी मध्ये. पलीकडे मॅनेजर होते आणि त्यांच्या पाठीमागे मशीन. "कोण? बाई? अहो, आज आला नाहीत!"

"ती पुस्तिका," ती म्हणाली, "बांधायला देऊ नका."

"काय? मोठ्यानं बोला!"

"पुस्तिका! नववं पान चुकलंय! एक ओळ गळलीय!"

"तुम्हीच सही केलीय की. दोघांनी वाचलंय ना?"

"नाही वाचलं! तो परिच्छेद आम्ही वाचलाच नाही!"

"का नाही वाचलं?"

बाकांवरच्या बायका बघत होत्या. तापानं की कशानं, तिचा आवाज फाटला. "लाज वाटली म्हणून!" ती ओरडली. "लघवीचं होतं म्हणून! आणि मला तेच झालंय, मॅनेजरसाहेब, म्हणून मी सारखी किल्ली नेत होते, आणि ताप आल्यावर थांबू नये ही ओळ त्यात नाही, आणि मी थांबले!" पलीकडे मशीनचा आवाज चालू राहिला. मग तो हळूहळू उतरला आणि बंद पडला. कुणीतरी थांबवलं होतं. "बरं," मॅनेजर खालच्या आवाजात म्हणाले. "बरं, बाई." तिनं फोन ठेवला. बाकावरची एक बाई उठली आणि तिला बसायला जागा दिली.

वर चार खाटांची खोली होती. हाताला सलाईन लागलं आणि ती झोपली, मग जागी झाली, मग परत झोपली. नर्सनं कागदावर नाव, वय भरून घेतलं. जवळचं माणूस या रकान्यापाशी पेन थांबलं. "नंतर सांगा," नर्स म्हणाली. दुपार सरत आली होती तेव्हा दाराशी चष्म्याची दोरी दिसली. मास्तर. त्यांच्या बगलेत हस्तलिखित होतं आणि हातात नव्या पानाचं ओलसर प्रूफ. ते खाटेच्या पायाशी उभे राहिले, कुठे बघावं ते न कळून सलाईनच्या बाटलीकडे बघू लागले. "नववं पान परत जुळवलं," ते म्हणाले. "मॅनेजर म्हणाले, सही तुमचीच लागते. त्या पानाचा अख्खा कागद, तो फर्मा, परत छापायचाय." मग चष्म्याची दोरी सारखी करून, "त्यांनी ठोकळा सोडून टाकला किल्लीचा. मला म्हणाले, बाईंना सांगा." स्टुलाकडे तिनं बोट दाखवलं, आणि उशीला टेकून प्रूफ गुडघ्यांवर घेतलं. पेन्सिल त्यांनी टोक काढून आणली होती.

"काही स्त्रियांना हा त्रास," मास्तरांनी सुरुवात केली. खोलीतल्या बाकीच्या तीन खाटांवरची कुजबुज बंद झाली. मास्तरांच्या मानेवर लाली चढली. "शरीरसंबंधानंतर होतो, पूर्णविराम."

"आहे."

"त्यात लाजण्यासारखे काही नाही, पूर्णविराम."

"आहे."

"एकट्या राहणाऱ्या वा वय झालेल्या स्त्रियांनाही तो होतो, स्वल्पविराम, पाणी कमी प्यायल्याने व लघवी धरून ठेवल्याने होतो, पूर्णविराम."

हे वाक्य तिनं कितीदा तरी डोळ्यांखालून घातलं होतं आणि एकदाही ते तिला दिसलं नव्हतं. "आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज ओला झाला. मास्तर वाचत गेले. एकदोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावे, पूर्णविराम. आहे. मग त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "मात्र थंडी वाजून ताप आल्यास, स्वल्पविराम, पाठीत बरगड्यांखाली दुखू लागल्यास वा उलट्या होऊ लागल्यास, स्वल्पविराम, मुळीच न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे." पूर्णविराम त्यांनी म्हटला नाही. ती वाट बघत राहिली. अकरा वर्षांत ते कधी पूर्णविराम विसरले नव्हते.

"आमच्या हिलाही थंडी वाजायची," मास्तर हस्तलिखिताकडे बघत म्हणाले. "पाठीतही दुखायचं. ती म्हणायची, काही नाही हो. मी पंखा बंद करायचो, गोधडी घालायचो. चार दिवस." त्यांनी नाकानं तो आवाज काढला, जो अक्षर नीट लागलं नाही की ते काढत. "मला वाटायचं, बायकांचं काहीतरी असेल. आपण विचारू नये."

तिला आईचं दार आठवलं, आणि तिनं ते ढकललं नव्हतं हेही. सांगावंसं वाटलं. खिडकीतून उन्हाची तिरीप सलाईनच्या नळीवर आली होती. मग तिच्या पोटाखालची चिमूट परत पिळली गेली, आणि तिनं पेन्सिल प्रूफावर ठेवली.

"मास्तर, थांबा," ती म्हणाली. "मला लघवीला जायचंय."

अख्ख्या आयुष्यात कुणा पुरुषाला ती हे म्हणाली नव्हती. मास्तर पटकन उठले, बाटलीचा स्टँड तिच्या हाताशी सरकवून दिला, आणि परत स्टुलावर बसले. ती सावकाश गेली. आत गेल्यावर तिनं नळ सोडला नाही. बाहेर आली तेव्हा त्यांनी हस्तलिखित मिटलेलं नव्हतं. ते घड्याळाकडेही बघत नव्हते. त्याच ओळीवर बोट ठेवून ते तिची वाट बघत बसले होते.